फुगवट्याचे गणित आणि सिरोंच्याची शेते

नदीकाठच्या माणसाला पूर नवा नाही. त्याला नवी आहे ती पूररेषा. पूर नदी आणते, पूररेषा मात्र संगणकावरील गणित आखते. कोणते शेत बुडित क्षेत्रात धरायचे, कोणत्या शेताला मोबदला द्यायचा, कोणत्या वस्तीत घरबांधणीला परवानगी नाकारायची, हे प्रश्न पूर्वी तलाठ्याची नोंद, गावातल्या वृद्धांची आठवण आणि देवळाच्या भिंतीवरील पाण्याच्या खुणा यांवरून सुटत. आज ते ‘गणिती प्रतिमान’ नावाच्या एका अदृश्य पंचाकडे सोपवले गेले आहेत. हा पंच निर्णय देतो. पण त्याने कोणता पुरावा पाहिला, काय गृहीत धरले, कोठे त्याची दृष्टी अधू होती, हे ज्यांच्या जमिनीचा निर्णय होतो त्यांना सहसा सांगितले जात नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांना या विषयात उदासीन राहणे परवडणारे नाही.

या प्रदेशाची रचनाच अशी आहे. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याच्या परिसरात एकत्र येऊन प्राणहिता होतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. आणि पुढे सोमनूरजवळ इंद्रावतीही येऊन मिळते. विदर्भ, तेलंगण, मराठवाडा आणि बस्तर यांचे पावसाळी पाणी अशा रीतीने सिरोंचा तालुक्याच्या सीमेवरून वाहते. प्राणहिता-गोदावरी संगमाच्या खाली तेलंगण सरकारने कालेश्वरम प्रकल्पाचे मेडीगड्डा बॅरेज बांधले. ऑगस्ट २०१६ मध्ये दोन्ही राज्यांत करार झाला आणि पाण्याची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १०० मीटर ठरली. २१ जून २०१९ रोजी प्रकल्पाचे उद्घाटन झाले. बॅरेजचे एक टोक तेलंगणात आहे, दुसरे गडचिरोली जिल्ह्यातील पोचमपल्लीच्या बाजूस टेकले आहे.

तेव्हापासून एक वाद चालू आहे. बॅरेजच्या फुगवट्याने अंदाजापेक्षा अधिक शेती बुडते आणि काठ खचतो, असे सिरोंच्याच्या नदीकाठचे शेतकरी सांगत आले. त्यासाठी त्यांनी आंदोलनेही केली. जुलै २०२२ च्या महापुरात तालुक्यातील अनेक गावे खाली करावी लागली, तेव्हा हा वाद अधिक तीव्र झाला. प्रकल्पाच्या बाजूने दिले जाणारे उत्तरही वरवरचे नाही. महापुरात बॅरेजची दारे उघडी असतात, पाणी अडवले जात नाही आणि गोदावरीचे पूर बॅरेजपूर्वीही येत होते, असे ते उत्तर आहे. भद्राचलम येथे १६ जुलै २०२२ रोजी गोदावरीची पातळी ७१.३ फुटांवर गेली हे खरे. परंतु ऑगस्ट १९८६ मध्ये, बॅरेज कोणाच्या कल्पनेतही नसताना, ती ७५.६ फुटांवर गेली होती हेही तितकेच खरे.

मग सत्य काय? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक जुना धडा आठवावा. एखाद्या योजनेचा परिणाम ‘योजनेपूर्वी’ आणि ‘योजनेनंतर’ या तुलनेतून कळत नाही. तो ‘योजनेसह’ आणि ‘योजनेविना’ या तुलनेतून कळतो. २०२२ चा तोच पाऊस, त्याच नद्या, पण बॅरेज नाही, अशी स्थिती असती तर पाणी कोठवर आले असते? ती स्थिती निसर्गात आता कधीच पाहावयास मिळणार नाही. ती केवळ गणितात निर्माण करता येते. म्हणजे ज्या प्रतिमानाविषयी शेतकऱ्याला शंका आहे, तेच प्रतिमान त्याच्या तक्रारीचा सर्वांत मोठा साक्षीदारही होऊ शकते. म्हणूनच हे गणित काय आहे ते समजून घेतले पाहिजे.

खातेवहीचे तत्त्व

वाहत्या पाण्याची समीकरणे फ्रेंच अभियंता साँ-व्हनाँ याने १८७१ मध्ये मांडली. त्यांचा आशय कोणत्याही कारकुनाला परिचित असावा असा आहे. बँकेच्या खातेवहीत आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च म्हणजे अखेरची शिल्लक. नदीच्या एखाद्या तुकड्यातही आधीचे पाणी अधिक वरून आलेले पाणी वजा खाली गेलेले पाणी म्हणजे आता उरलेले पाणी. हे पहिले समीकरण. दुसरे समीकरण पाण्याच्या वेगाचे: उतार पाण्याला पुढे ओढतो, तळाचे आणि काठाचे घर्षण त्याला मागे रोखते आणि खालच्या बाजूस पाणी तुंबले असेल तर त्याचा दाबही आड येतो.

अडचण अशी की, सरळ भिंतींच्या कालव्यासाठी ही समीकरणे कागदावर सोडवता येतात. पण वळणे, बेटे, वाळूचे पट्टे आणि झाडी असलेल्या खऱ्या नदीसाठी ती तशी सुटत नाहीत. म्हणून गणितज्ञांनी वेगळा मार्ग काढला. नदीचे आणि तिच्या पूरमैदानाचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाची स्वतंत्र खातेवही उघडायची आणि काही सेकंदांच्या अंतराने सर्व खातेवह्या एकमेकींशी ताळा जुळवीत पुढे न्यायच्या. अखंड नदीची अशी तुकड्यांची नदी करणे, हेच संख्यात्मक पद्धतीचे सार होय. १९५० च्या दशकात जे. जे. स्टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायो नदीच्या पुराचे गणित या मार्गाने संगणकावर करून दाखवले. हवामानाचा अंदाज, पुलाच्या खांबावरील ताण, वीजकेंद्राच्या चिमणीतून निघालेल्या धुराचा प्रवास, या सर्वांचे गणित मुळात याच जातीचे आहे.

या खातेवह्यांना एक कडक नियम आहे. कूराँट, फ्रीडरिख्स आणि ल्यूई या तीन गणितज्ञांनी तो १९२८ मध्ये सांगितला. साध्या पायरीपायरीच्या पद्धतीत, दोन नोंदींमधल्या वेळात लाटेने एका चौकोनाहून अधिक मजल मारता कामा नये. नाहीतर हिशेब काही क्षणांतच बेताल होतो. दहा मीटर खोल पाण्यात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर भरतो. प्रवाहाचा वेग २ मीटर धरला तर एकूण १२. चौकोन १२० मीटरांचा असेल तर दर १० सेकंदांनी नोंद हवी. १२ मीटरांचा असेल तर दर सेकंदाला.

येथेच या पद्धतीचे अर्थशास्त्र दिसते. समजा, १०० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद असा १००० चौरस किलोमीटरांचा काठ तपासायचा आहे. १०० मीटरांचे चौकोन पाडले तर ते एक लाख होतात. १० मीटरांचे पाडले तर एक कोटी. चौकोन शंभरपट झाले, नोंदींची संख्या दहापट झाली. म्हणजे श्रम हजारपट. अधिक बारकाव्याची किंमत अशी झपाट्याने वाढत असल्यामुळे प्रत्येक प्रतिमानकार कोठेतरी थांबतो आणि जेथे तो थांबतो तेथे एका चौकोनातील सर्व शेते, बांध, नाले आणि घरे यांची एकच सरासरी उंची धरली जाते. थांबण्याला पर्याय नाही. तथापि कोठे थांबलो हे सांगणे मात्र शक्य आहे.

चूक कोठून शिरते

संगणक बेरीज-वजाबाकीत सहसा चुकत नाही. चूक शिरते ती त्याला दिलेल्या सामग्रीतून. त्यातली पहिली बाब म्हणजे जमिनीची उंची. नदीकाठचे मैदान दर दोन किलोमीटरला एक मीटर इतकेच चढत असेल, तर उंचीच्या मापात अर्ध्या मीटरची चूक झाल्यास पाण्याची कड एक किलोमीटर सरकते. एक किलोमीटर म्हणजे कित्येक कुटुंबांचे सातबारे. अंतराळातून घेतलेल्या उंचीच्या नकाशांवर जगभर पुष्कळ कामे होतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारने पृथ्वीची उंची मोजली आणि ती सामग्री पुढे सर्वांना मोफत मिळू लागली. परंतु तिच्यातील चूक काही मीटरांची असू शकते आणि दाट जंगलात रडारचे किरण जमिनीपर्यंत पूर्णपणे न पोहोचता झाडोऱ्यातूनच परततात. सागवान, मोह आणि बांबूच्या या प्रदेशात असा नकाशा झाडांच्या उंचीचा काही भाग जमिनीच्या खात्यावर टाकतो. जेथे अर्ध्या मीटरने निकाल फिरतो तेथे प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही.

दुसरी बाब घर्षणाची. पात्र किती खडबडीत आहे ते एका गुणांकाने सांगतात. आयरिश अभियंता मॅनिंग याच्या नावाने तो ओळखला जातो. स्वच्छ वाळूच्या पात्राला तो ०.०३० च्या आसपास धरतात, झुडपे आणि दगड असतील तर ०.०४० किंवा त्याहून अधिक. हा फरक क्षुल्लक वाटतो. पण रुंद नदीत तेवढेच पाणी वाहत असताना ०.०३० च्या जागी ०.०४० धरले, तर पाण्याची खोली सुमारे १९ टक्क्यांनी वाढते: १० मीटरांचे जवळजवळ १२ मीटर होतात. म्हणजे एका लहानशा आकड्याच्या निवडीवर गावाचे भवितव्य अवलंबून असते आणि हा आकडा बहुधा अनुभवाने, जुन्या पुराशी ताळा पाहून, ठरवला जातो. ज्या पुराशी ताळा पाहिला तो लहान असेल, तर मोठ्या पुरात, पाणी पात्र सोडून झाडीत शिरल्यावर, तोच आकडा उपयोगी पडेल याची शाश्वती नसते.

तिसरी बाब सीमेची. प्रतिमानाला आपला नकाशा कोठेतरी संपवावा लागतो आणि त्या कडेवर पाणी कसे वागते हे बाहेरून सांगावे लागते. चंद्रपूर शहराचे उदाहरण घ्या. इरई नदीचा पूर केवळ इरईच्या पाण्याने येत नाही. वर्धा फुगली की इरईला आपले पाणी पुढे लोटता येत नाही. ते मागे चढते आणि शहराच्या सखल वस्त्यांत शिरते. इरई धरणाची दारे त्याच सुमारास उघडावी लागली तर संकट दुहेरी होते. ज्या प्रतिमानात वर्धेची पातळी नेहमीची धरली असेल, ते इरईचे गणित कितीही बारकाईने करो, उत्तर चुकणारच. खाणींतून उपसलेल्या माती-दगडांचे ढिगारे काठावर उभे राहिले आणि पात्राचा आकार बदलला, तर जुन्या मोजणीवर उभे असलेले गणितही तेवढेच जुने होते. वैनगंगेचेही तसेच आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस ब्रह्मपुरी आणि देसाईगंज भागाने जो पूर पाहिला, त्याचे पाणी मध्य प्रदेशातील धरणापासून गोसीखुर्दमार्गे आले होते. अशा पुरात वरच्या धरणाची बातमी वेळेवर मिळणे हे उत्कृष्ट समीकरणापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

रेषेच्या अर्थाविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. महाराष्ट्रात निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावरून आखतात. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा पूर येऊन गेला की चोवीस वर्षे निश्चिंती, असे मुळीच नव्हे. दर वर्षी तो येण्याची शक्यता ४ टक्के असते. वीस वर्षांच्या हप्त्यांनी घर घेणाऱ्या नोकरदाराने हिशेब केला तर दिसेल की, कर्ज फिटण्यापूर्वी असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक आहे.

रिचर्डसनचा प्रामाणिकपणा

या विद्येच्या इतिहासात एक प्रसंग फार बोलका आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिकेच्या तुकडीत काम करीत असताना हवामानाचे गणित हाताने करून पाहिले. २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाची निरीक्षणे घेऊन त्याने सहा तासांतील वायुदाबाचा बदल काढला. उत्तर आले १४५ मिलिबार. प्रत्यक्षात दाब त्या दिवशी जवळजवळ स्थिर होता. इतके विपरीत उत्तर दुसऱ्या कोणी दडवून ठेवले असते. रिचर्डसनने १९२२ मध्ये पुस्तक काढून आपली रीत, आकड्यांचे तक्ते आणि फसलेले उत्तर सारे जगापुढे ठेवले. ६४,००० माणसे एका भव्य सभागृहात बसून जगाचे हवामान मोजीत आहेत, असे स्वप्नही त्याने त्यात रंगवले. सारे उघड्यावर असल्यामुळेच पुढच्या अभ्यासकांना दोष सापडला: मूळ निरीक्षणांतील वारा आणि दाब यांचा मेळ बसत नव्हता. १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक संगणकावर हवामानाचे पहिले यशस्वी अंदाज काढले गेले, त्यामागे या उघड अपयशाचा हात होता.

आपल्याकडे आता यंत्रांची वानवा नाही. पुण्याजवळ खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ पासून पाण्याच्या अभ्यासात आहे आणि नद्यांच्या लहान प्रतिकृतींबरोबर गणिती प्रतिमानेही वापरते. पुण्यातच १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. २०२४ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘अर्क’ महासंगणक आला आणि मे २०२५ पासून देशाचा हवामान अंदाज ६ किलोमीटरांच्या चौकोनांवर काढला जाऊ लागला. हे भूषणावह आहे. मात्र रिचर्डसनकडे जे होते आणि आपल्या कार्यालयांत जे विरळा आढळते, ते म्हणजे हिशेबाची वही उघडी ठेवण्याचे धैर्य.

मेडीगड्डाने या धैर्याची गरज दुसऱ्याही अंगाने पटवून दिली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी बॅरेजच्या सातव्या भागातील खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने पाहणी करून पायाखालची वाळू वाहून जाण्याकडे बोट दाखवले आणि नियोजन, आराखडा, बांधकामाची गुणवत्ता व देखभाल यांतील उणिवा नोंदवल्या. पाणी साठवणे थांबवावे लागले. वाळूवर उभ्या असलेल्या बंधाऱ्याखालून पाणी कसे झिरपते आणि वाळू कधी उचलते, याची रीत ए. एन. खोसला यांनी पंजाबातील अनुभवावरून १९३६ मध्येच घालून दिली होती. विद्या होती, यंत्रे होती, पैसाही होता. तरीही जे घडले ते घडले. सरकारी गणित चुकूच शकत नाही, ही भूमिका यानंतर कोणालाही घेता येणार नाही.

जोखीम कोणी वाहायची?

अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने नद्यांच्या गणितात का पडावे, याचे उत्तर या प्रश्नात आहे. प्रत्येक गणितात अनिश्चितता राहणारच. प्रश्न एवढाच की तिचा भार कोणावर टाकायचा. आज नकाशावर एक बारीक रेषा ओढली जाते. रेषेच्या आतल्याला मोबदला मिळतो. वीस पावलांवरच्या बाहेरच्याला काही नाही. गणिताची मर्यादा एक किलोमीटरची असली, तरी निवाडा मात्र वीस पावलांवर होतो. चुकीची सारी जोखीम अशा रीतीने ज्याच्यापाशी माहिती सर्वांत कमी आणि सोसण्याची ताकदही सर्वांत कमी, त्या शेतकऱ्याच्या माथी येते. विम्याचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे: जोखीम त्याने घ्यावी, ज्याच्याकडे माहिती आहे आणि जो ती अनेकांत वाटून घेऊ शकतो. तो येथे प्रकल्प आहे, शेतकरी नव्हे.

यातून काही साध्या मागण्या निघतात. बुडित क्षेत्र एका रेषेने न दाखवता पट्ट्याने दाखवावे: येथे पाणी निश्चित येईल, येथे बहुधा येईल, येथे येण्याचा संभव आहे. मधल्या पट्ट्यातील शेताला पूर येऊन गेल्यावर पुराव्यासाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत. त्याच्या नुकसानीची तरतूद प्रकल्पाच्या खर्चातच आधी केलेली असावी. बॅरेजसह आणि बॅरेजविना अशी दोन्ही उत्तरे जाहीर व्हावीत. जमिनीची मोजणी कोणत्या वर्षीची, चौकोन केवढा, घर्षणाचा आकडा कोणता, खालच्या सीमेवरील पातळी कोणती, हे एका पानात मराठीत आणि तेलुगूत लिहून ग्रामसभेपुढे ठेवावे. आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर गणितातली पातळी व भिंतीवरची खूण यांची तुलना प्रसिद्ध व्हावी.

खेड्यातल्या माणसाला हे काय कळणार, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवून, सर्वसहमतीने निर्णय घेऊन २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. जंगलाचा कायदा ज्यांना कळला त्यांना जमा-खर्चाच्या रीतीने मांडलेले पाण्याचे गणित कळणार नाही, असे मानणे हा आपल्याच अहंकाराचा भाग आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण येथे मागितला जात आहे तो नवा महासंगणक नव्हे. जे गणित झालेच आहे त्याचा पारदर्शक हिशेब, एवढेच मागणे आहे.

आणि काही काम आपलेही आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे; दोन्ही जिल्ह्यांत महाविद्यालये आणि नदीकाठी शाळा आहेत. पूर ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ पुढच्या पावसात किंवा रंगरंगोटीत पुसली जाते. ती पुसण्यापूर्वी शिक्षक-विद्यार्थ्यांनी तिची उंची मोजून तारीख-वेळेसह नोंदवली, तर काही वर्षांत या नद्यांची अशी वही तयार होईल की, कोणत्याही प्रतिमानाला तिच्यापुढे आपले उत्तर तपासून घ्यावे लागेल. त्यासाठी मोजपट्टी, वही आणि थोडी चिकाटी पुरेशी आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक नदीकाठच्या शाळेच्या भिंतीवर मीटरच्या खुणा रंगवून झाल्या, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.